अबोल कर्मचारी, बोलके कार्यालय

नागपूर : बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. बाजारातून आलेला हा व्यवहारी दाखला आजच्या कार्यालयांना तंतोतंत लागू पडतो. वेळेवर येणारा, नेमून दिलेले काम चोख करणारा, पण बैठकीत गप्प बसणारा आणि चहाच्या वेळी टेबलाशीच थांबणारा एखादा तरी कर्मचारी प्रत्येक कार्यालयात असतो. त्याच्याविषयी सहकाऱ्यांची मते ठरलेली असतात. कुणी त्याला घुम्या म्हणतो, कुणी शिष्ट, तर कुणी माणूसघाणा. एकलकोंडा, मुखदुर्बळ, बुजरा, आतल्या गाठीचा ही विशेषणेही तयारच असतात. कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पण 'मितभाषी'सारखा एखादा अपवाद सोडला तर त्यातील बहुतेक शब्दांत नापसंतीची छटा आहे.

गोष्ट नावे ठेवण्यापुरतीच असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु हीच नापसंती पुढे वार्षिक अहवालात उतरते, पदोन्नतीच्या वेळी आठवली जाते आणि एकाने केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होते. असा कर्मचारी मग दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो बळेच बोलका होण्याचा प्रयत्न करून थकतो, किंवा 'आपले काम बोलेल' असे म्हणून अधिकच मिटून घेतो. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. काम आपण होऊन बोलत नाही. त्याला बोलते करावे लागते. मात्र त्यासाठी तोंडच हवे असे नाही. लेखणीनेही ते साधते, आणि अंतर्मुख माणसाच्या हाती हे साधन बहुधा चांगलेच असते.

अंतर्मुख म्हणजे नेमके कोण?

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द मानसशास्त्रात रूढ झाले ते स्वित्झर्लंडचे मनोविश्लेषक कार्ल गुस्ताव युंग यांच्यामुळे. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या मनाची ओढ बाहेरच्या जगाकडे अधिक आहे की स्वतःच्या आतील विचारांकडे, यावरून त्यांनी हा भेद केला. कोणीही पूर्णपणे एकाच बाजूचा नसतो, हेही त्यांनी सांगून ठेवले होते. आजचे मानसशास्त्रही या दोन प्रवृत्तींकडे एकाच मोजपट्टीची दोन टोके म्हणून पाहते. बहुसंख्य माणसे मधल्या पट्ट्यात कुठेतरी असतात.

ब्रिटनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९६० च्या दशकात या भेदाला शारीरिक आधार शोधण्याचा प्रयत्न केला. अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू मुळातच अधिक उद्दीपित असतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट, गर्दी आणि सततचे संभाषण त्याला लवकर पुरेसे होते, अशी त्यांची मांडणी होती. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले असता अंतर्मुख व्यक्तींना लाळ अधिक सुटते, असे त्या काळच्या काही प्रयोगांत दिसून आले. पुढील संशोधनाने या मांडणीत बरीच भर घातली आणि दुरुस्त्याही केल्या. तरीही चारचौघांत दोन तास घालवल्यावर एकाला हुरूप येतो आणि दुसऱ्याला एकांत हवासा वाटतो, हा अनुभव त्यातून समजून घेता येतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. लाजाळूपणात लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुखतेत ती असेलच असे नाही. अंतर्मुख माणूस सभेत उत्तम बोलू शकतो, फक्त त्यानंतर त्याला विसावा लागतो. याउलट चारचौघांत बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने छाती धडधडणे, हात कापणे, त्यासाठी रजा टाकणे किंवा पदोन्नती नाकारणे हे सामाजिक भयगंडाचे लक्षण असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अंतर्मुखता हा आजार नाही.

कार्यालयांचे शहर

नागपूरला कार्यालये नवी नाहीत. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली तेव्हापासून १९५६ पर्यंत हे शहर राजधानीचे होते. सिव्हिल लाइन्समधील जुने सचिवालय त्याची साक्ष देते. राजधानी गेली तरी कारकुनी राहिली. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या कंपन्यांची मुख्यालये, रेल्वेची विभागीय कार्यालये, 'नीरी'सारखी संशोधन संस्था अशी मोठी यादी देता येईल. गेल्या काही वर्षांत मिहानमधील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची तीत भर पडली आहे.

या शहराच्या जुन्या कार्यालयीन संस्कृतीत अबोल माणसाला एक हक्काची जागा होती. ती जागा म्हणजे नस्ती. प्रकरण आले की त्यावर टिप्पणी लिहायची, नियम आणि पूर्वीचे दाखले द्यायचे, आपला अभिप्राय नोंदवायचा, खाली तारखेसह स्वाक्षरी करायची. कनिष्ठ लिपिकाचे मत असले तरी ते त्याच्याच शब्दांत वरपर्यंत जात असे. मोठ्या आवाजाच्या सहकाऱ्याला ते मध्येच तोडता येत नसे. निर्णय वेगळा झाला तरी कोणी काय सुचवले होते, हे कागदावर राहत असे. या पद्धतीत दिरंगाई होती, कागदांचे ढिगारे होते, 'चर्चा करावी' असा शेरा मारून प्रकरण टोलवण्याची सोयही होती. पण जो कमी बोलतो त्याचे म्हणणे लोपत नव्हते.

आजचे कार्यालय बैठकांचे, दृक्‌श्राव्य परिषदांचे, सादरीकरणाचे आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांचे आहे. निर्णय उभ्या उभ्या होतात, दूरध्वनीवर होतात, कधी चहाच्या टपरीवरही होतात. काम जलद होते हा त्याचा लाभ. मात्र जो तेथे बोलला नाही त्याचे मतच नव्हते, असे गृहीत धरले जाते. अंतर्मुख कर्मचाऱ्याची आजची अडचण ही आहे.

बैठकीत बाजी कोण मारतो?

चार माणसे एकत्र बसली की कल्पना भराभर सुचतात, ही समजूत सर्वत्र आहे. तिला शास्त्राचे रूप दिले ते अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी. 'ब्रेनस्टॉर्मिंग' ही त्यांची पद्धत १९५३ च्या त्यांच्या पुस्तकामुळे जगभर पोहोचली. परंतु येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या प्रयोगाने वेगळेच चित्र समोर आणले. एकत्र बसून विचार करणाऱ्या चौघांपेक्षा, स्वतंत्र बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जवळपास दुप्पट भरली. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचे एक मुख्य कारण दाखवून दिले. एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि त्या थांबण्यात सुचलेले हरवते.

याचा अर्थ बैठका बंद कराव्यात असा नाही. अंतर्मुख कर्मचाऱ्याने त्यासाठी तयारी मात्र वेगळी करावी.

* विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून घ्यावी. ती निघत नसेल तर विषय तरी विचारून घ्यावा. आयत्या वेळी सुचणे हा अंतर्मुखाचा प्रांत नव्हे. तयारी हा आहे.

* सर्व विषयांवर बोलण्याचा अट्टहास नको. एक विषय निवडावा, त्यावरचे आकडे आणि दाखले एका कागदावर लिहून न्यावेत.

* शक्यतो सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत एकदा बोलावे. जितका उशीर होतो तितके बोलणे अवघड होते, आणि शेवटी मुद्दा दुसऱ्याने मांडलेला असतो.

* मध्ये शिरण्यासाठी वाक्य आधीच ठरवून ठेवावे. 'साहेब, या मुद्द्यावर गेल्या वर्षीचा आकडा माझ्याकडे आहे' किंवा 'मॅडम, पुढच्या विषयावर जाण्याआधी एक अडचण नोंदवतो' असे साधे वाक्यही पुरते.

* लगेच उत्तर सुचले नाही तर कबूल करावे, पण वेळ सांगून. 'तपासून दुपारी चारपर्यंत लेखी देतो' असे सांगून ते चारपर्यंत दिले, तर त्या उत्तराचे वजन तोंडी उत्तरापेक्षा अधिक असते.

* बैठकीनंतर त्याच दिवशी चार ओळींचे टिपण संबंधितांना पाठवावे. काय ठरले, कोणी काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. इतिवृत्त लिहिण्याचे काम सहसा कोणाला नको असते. ते आपण होऊन स्वीकारावे. बैठकीत जो बोलतो तो त्या तासापुरता लक्षात राहतो. इतिवृत्त मात्र पुढच्या बैठकीतही वाचले जाते.

भिंती नसलेली दालने

कर्मचाऱ्यांमधील भिंती काढून टाकण्याची कल्पना पश्चिम जर्मनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६० च्या दशकात हलवता येण्याजोग्या आडोशांची कार्यालयीन रचना तयार केली. हेतू कर्मचाऱ्याला मोकळीक मिळावी असा होता. प्रत्यक्षात कमी जागेत अधिक माणसे बसवण्याची ती सोय झाली. सर्वांना सर्वांचे दिसावे, सर्वांनी सर्वांशी बोलावे, हा खुल्या कार्यालयांमागचा युक्तिवाद. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्नस्टीन आणि टर्बन यांच्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढल्यानंतर प्रत्यक्ष संभाषण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. लोक शेजाऱ्यालाही संदेश पाठवू लागले. आडोसा काढला की माणूस स्वतःभोवती अदृश्य आडोसा उभा करतो, असाच त्याचा अर्थ.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांनी यासंदर्भात एक उपयुक्त विचार मांडला आहे. आवडीच्या कामासाठी माणूस स्वभावाविरुद्ध वागू शकतो. अंतर्मुख प्राध्यापक वर्ग गाजवू शकतो. मात्र त्यानंतर त्याला स्वतःला सावरण्यासाठी एक निवांत कोपरा लागतो. तो मिळाला नाही तर थकवा साचत जातो. हा कोपरा प्रत्येकाने शोधून ठेवावा. अभिलेख कक्ष, कार्यालयाचे ग्रंथालय, दुपारची रिकामी सभागृहे येथे वीस मिनिटे मिळू शकतात. नागपूरकर या बाबतीत सुदैवी आहेत. सिव्हिल लाइन्समधील झाडांखालचे रस्ते, महाराजबाग, मध्यवर्ती संग्रहालय ऊर्फ अजब बंगला, सेमिनरी हिल्स ही ठिकाणे अनेक कार्यालयांपासून दूर नाहीत. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणे शक्य नसते; तेव्हा सकाळी अर्धा तास आधी येऊन शांततेत अवघड काम उरकावे.

कामात व्यत्यय आला की तुटक उत्तर देणे ही अंतर्मुख माणसाची नेहमीची चूक. त्याला काम मोडायचे नसते, पण समोरच्याला तो शिष्टपणा वाटतो. 'भाऊ, हा हिशेब हातातला संपवतो आणि अर्ध्या तासात मीच येतो' असे म्हटल्यास दोन्ही साधते. अट एवढीच की अर्ध्या तासाने खरोखर जावे.

वार्षिक अहवालातील एक रकाना

स्वभावाची किंमत सर्वाधिक कोठे मोजावी लागते, तर वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात. केंद्र सरकारच्या अनेक पदांसाठीच्या नमुन्यात गुणांची विभागणी ठरलेली आहे. कामाच्या फलिताला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० टक्के आणि कामातील कौशल्याला ३० टक्के भार असतो. वैयक्तिक गुणांत जबाबदारीची जाणीव, शिस्त, वेळेचे पालन यांच्या जोडीला संभाषणकौशल्य, नेतृत्व, सहकाऱ्यांशी संबंध आणि एकूण व्यक्तिमत्त्व यांचाही समावेश होतो. म्हणजे अबोल कर्मचाऱ्याच्या कामाविषयी तक्रार नसली तरी येथे गुण कमी पडू शकतात.

पूर्वी या अहवालातील केवळ प्रतिकूल शेरे कळवले जात. सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ मध्ये हे चित्र बदलले. अर्जदार अभियंत्याला 'चांगला' असा शेरा मिळाला होता. तो प्रतिकूल नसल्यामुळे त्याला कळवलाच गेला नाही. पदोन्नतीसाठी मात्र 'अतिशय चांगला' हा शेरा आवश्यक होता. प्रत्येक शेरा, मग तो कोणताही असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुखदेव सिंग प्रकरणात तो कायम केला. केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशानुसार संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवला जातो आणि त्यावर निवेदन देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते.

हा अधिकार लेखी आहे, हे येथे महत्त्वाचे. साहेबांच्या दालनात जाऊन वाद घालण्याची त्यासाठी गरज नाही. 'संवाद कमी आहे' असा शेरा असेल तर वर्षभरात पाठवलेली टिपणे, लिहिलेली इतिवृत्ते, निकाली काढलेली प्रकरणे आणि दिलेली उत्तरे तारखांसह मांडावीत. मात्र त्यासाठी ती जपलेली हवीत. म्हणून दर महिन्याच्या अखेरीस एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात : कोणते काम केले, कधी पूर्ण झाले, त्यातून काय साधले, काय शिल्लक आहे. स्वमूल्यमापनाचा रकाना भरताना ही वही कामी येते. अनेक अबोल कर्मचारी हा रकाना 'दिलेली कामे पूर्ण केली' एवढ्या एका ओळीत संपवतात आणि नंतर श्रेय मिळाले नाही म्हणून खंतावतात. स्वतःची स्तुती करणे आणि केलेल्या कामाची नोंद करणे यांत फरक आहे.

खासगी कंपन्यांत नमुना वेगळा असला तरी तत्त्व तेच. तेथे वरिष्ठांशी महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांची भेट मागून घ्यावी. चारचौघांतील बैठकीपेक्षा समोरासमोरची भेट अंतर्मुखाला सोपी जाते, आणि वरिष्ठांनाही कामाचा अंदाज येतो.

नोकरीच्या प्रवेशद्वाराशीही एक बदल झाला आहे. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने अराजपत्रित 'ब' गटाच्या आणि त्याखालील पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. गुणवत्तेऐवजी बोलण्याचा वा ओळखीचा प्रभाव पडू नये, हा त्यामागचा विचार. वरच्या पदांसाठी मुलाखत कायम आहे. तेथे अंतर्मुख उमेदवाराने सराव मोठ्याने बोलून करावा. मनातल्या मनात दिलेले उत्तर नेहमीच चांगले वाटते.

चहा, वर्गणी आणि हुरडा

कार्यालय म्हणजे केवळ काम नव्हे. डबा खाताना होणारी भाजीची देवाणघेवाण, सकाळचे तर्री-पोहे, निरोप समारंभ, संक्रांतीचे तिळगूळ, हिवाळ्यातील हुरडा पार्टी हा आपल्याकडील कार्यालयीन जीवनाचा भाग आहे. येथे सतत अनुपस्थित राहणारा माणूस अडचणीच्या वेळी एकटा पडतो. बदलीची कुणकुण, नव्या परिपत्रकाची माहिती, एखाद्या सहकाऱ्याच्या घरचे दुःख या गोष्टी चहाच्या टेबलावरच कळतात.

यावर उपाय म्हणजे मोजके पण ठरलेले येणे. आठवड्यातून दोन दिवस सर्वांसोबत डबा खावा, उरलेले दिवस आपले. समारंभाला सुरुवातीला यावे, दोन-चार जणांशी नीट बोलावे, अर्ध्या तासाने निरोप घेऊन जावे. शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून राहण्यापेक्षा हे बरे दिसते. वर्गणी वेळेवर द्यावी. भाषण नको असेल तर हिशेब, छायाचित्रे, मानपत्राचा मजकूर यांपैकी एखादे काम घ्यावे. मानपत्र चांगले लिहिणारा माणूस कार्यालयाला हवाच असतो. व्हॉट्सअ‍ॅप गटावरील प्रत्येक शुभेच्छेला उत्तर देण्याची गरज नाही. पण कामाच्या संदेशाला 'मिळाले' एवढे तरी कळवावे.

महिला कर्मचाऱ्यांची कोंडी येथे थोडी अधिक असते. कमी बोलणाऱ्या पुरुषाला 'गंभीर' म्हणून सोडून दिले जाते. स्त्रीला मात्र 'आखडू' ठरवले जाते. हळदीकुंकवाची तयारी, पाहुण्यांचे स्वागत ही कामे तिने हसतमुखाने करावीत अशी अपेक्षा असते. ती नाकारताना दुसरे काम स्वतःहून सुचवणे हा त्यातल्या त्यात मार्ग.

एक गोष्ट अंतर्मुखांनीही लक्षात घ्यावी. थोडे मिसळून वागल्यास आपल्याला किती बरे वाटेल, याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात दिसले. 'आपल्याला हे जमायचे नाही' हे स्वतःविषयीचे मत अधूनमधून तपासून पाहावे.

खुर्ची मिळाल्यावर

अंतर्मुख माणूस अधिकारी म्हणून शोभत नाही, हा समज खरा नाही. अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये पिझ्झा दुकानांच्या एका साखळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे कर्मचारी स्वतःहून काही सुचवत नसत, तेथे बहिर्मुख व्यवस्थापकांच्या दुकानांना अधिक नफा झाला. जेथे कर्मचारी पुढाकार घेत, तेथे मात्र बहिर्मुख व्यवस्थापकांची दुकाने मागे पडली. ऐकून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सुचवणारी माणसे फुलतात, असा याचा मथितार्थ.

नागपूरच्या परिसराला जवळचे उदाहरण पी. व्ही. नरसिंह राव यांचे. ते १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकमधून लोकसभेवर निवडून आले. कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपुरातच घेतले होते. हरी नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. १९९१ ते १९९६ या काळात पंतप्रधान असताना आर्थिक धोरणात मूलगामी बदल झाले, ते त्यांनी मोठी भाषणे न करता रेटले. त्यांचे मौन हा राजकारणात थट्टेचा आणि टीकेचाही विषय झाला. विशेषतः १९९२ च्या अयोध्येतील घटनांनंतर त्या मौनाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या परीने लावला. अधिकारी गप्प राहिला की हाताखालचे लोक त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावू लागतात, आणि तो क्वचितच चांगला असतो. म्हणून अबोल अधिकाऱ्याने निर्णय आणि त्याचे कारण दोन्ही थोडक्यात का होईना, लेखी कळवावे.

मराठी साहित्यात जी. ए. कुलकर्णी यांचा दाखला आठवतो. हा श्रेष्ठ कथाकार धारवाडच्या महाविद्यालयात सुमारे तीन दशके इंग्रजी शिकवत होता. सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. पण त्यांनी लिहिलेल्या पत्रांचे खंड त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले आणि या एकांतप्रिय माणसाने किती जणांशी किती जिव्हाळ्याने नाते राखले होते, हे वाचकांना कळले. नागपूरचे कवी ग्रेस हेही गर्दीपासून अंतर राखून असत. तरी त्यांनी अनेक वर्षे महाविद्यालयात अध्यापन केले. वर्गात बोलणे हे ज्यांचे रोजचे काम होते अशी ही माणसे. आवश्यक तेथे बोलावे आणि उरलेले कागदावर सांगावे, हा मार्ग चालून पाहिलेला आहे.

गप्प राहणे कोठे धोक्याचे?

स्वभाव म्हणून गप्प राहणे वेगळे आणि भीतीने गप्प राहणे वेगळे. अपमान, छळ किंवा लैंगिक त्रास सहन करत राहण्याला स्वभावाचे नाव देऊ नये. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते, आणि योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिणे शक्य नसेल तर त्यासाठी साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे.

पूर्वी मिसळणारा माणूस अचानक गप्प झाला, झोप-भूक कमी झाली, कामात लक्ष लागेनासे झाले, तर तो अंतर्मुख झाला असे समजू नये. ते नैराश्य असू शकते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

अधिकाऱ्यांनी काय करावे?

* बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी द्यावी आणि बैठकीनंतर एक दिवस लेखी सूचनांसाठी ठेवावा.

* चर्चेआधी प्रत्येकाला पाच मिनिटे आपले मत कागदावर लिहू द्यावे. मग वाचन, मग चर्चा.

* गप्प बसलेल्याला सर्वांसमोर 'तुम्ही काहीच बोलत नाही' असे सुनावू नये. 'या विषयाची नस्ती तुम्ही हाताळली आहे, अडचण कोठे आहे?' असे नेमके विचारावे.

* ज्याने काम केले त्याचे नाव टिपणात लिहावे. सादर करणारा आणि तयार करणारा दोघांचीही नावे असावीत.

* आठवड्यातून काही तास बैठका आणि दूरध्वनीविना राखून ठेवावेत.

* वार्षिक अहवालात 'संवाद' या रकान्यात लेखी संवादाचाही विचार करावा.

अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर तासाभरात हवे असते आणि चार वर्षांपूर्वीचा संदर्भ कोणत्या नस्तीत आहे हे कोणाला आठवत नाही. अशा वेळी ज्याच्याकडे सर्वांच्या नजरा वळतात तो बहुधा कार्यालयातील सर्वांत कमी बोलणारा माणूस असतो. अधिवेशन संपल्यावर कोणी कोणते उत्तर शोधून दिले, याची नोंद त्याने स्वतः ठेवावी आणि त्याच्या अधिकाऱ्याने तीवर स्वाक्षरी करावी.